बॉड रेटमधला ‘बॉड’ कोण होता? तारघरातला एमिल बोदो आणि एचएमआयवरची कम्युनिकेशन एरर

कारखान्यात मशीनच्या पॅनेलवर एक टच स्क्रीन असते. ऑपरेटर तिच्यावर बोट ठेवतो, पॅनेलच्या आतला कंट्रोलर ते ऐकतो आणि मोटर सुरू होते. स्क्रीनला म्हणायचं एचएमआय, आतल्या डब्याला पीएलसी. आता समजा, पंधरा-वीस वर्षं चाललेली स्क्रीन एक दिवस जळाली. बाजारात तसली मिळत नाही, म्हणून नव्या कंपनीची आणली, केबल जोडली, सप्लाय दिला. स्क्रीन झकास उजळली, पण तापमान, प्रेशर, काउंट या सगळ्या आकड्यांच्या जागी नुसत्या फुल्या! खाली एक ओळ: कम्युनिकेशन एरर. मशीन उभं, सुपरवायझर डोक्यावर उभा.

अशा वेळी स्क्रीनचं सेटिंग उघडलं की पोर्टच्या नावानंतर बहुतेक पहिला प्रश्न येतो तो बॉड रेटचा. ९६००? १९२००? ३८४००? अर्डुइनोवर खेळणाऱ्यांना हा शब्द पाठ असतो. सीरियल मॉनिटरमध्ये भलतीच चिन्हं दिसायला लागली की आपण तो आकडा बदलून बघतो. पण ‘बॉड’ हे एका माणसाच्या नावाचं छोटं रूप आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं. तो माणूस फ्रान्सच्या तारखात्यात नोकरीला होता, आणि त्याचं सगळं आयुष्य याच प्रश्नात गेलं: लांबच्या दोन यंत्रांनी एकमेकांचं ऐकायचं कसं?

शेतकऱ्याचा मुलगा तारघरात

एमिल बोदोचा जन्म ११ सप्टेंबर १८४५ चा, फ्रान्सच्या ओत-मार्न भागातल्या मान्यू या गावचा. वडील शेतकरी. शाळा गावातली प्राथमिक, तेवढीच. त्यापुढे ना कॉलेज, ना इंजिनिअरिंगची पदवी. काही वर्षं शेतात काम केलं आणि १८६९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी, तो तारखात्यात शिकाऊ ऑपरेटर म्हणून लागला. आजच्या भाषेत अप्रेंटिस.

खात्याने त्याला मोर्सचं काम शिकवलं, आणि ह्यूज नावाच्या छापणाऱ्या तारयंत्राचं चार महिन्यांचं प्रशिक्षणही दिलं. ह्यूजच्या यंत्राला पियानोसारख्या पट्ट्या असत. इकडे पट्टी दाबली की तिकडे कागदावर अक्षर उमटायचं. त्यासाठी दोन्ही टोकांची चाकं एकाच वेगाने फिरावी लागत. हे यंत्र बोदोच्या डोक्यात बसलं. मध्येच १८७० चं फ्रान्स-प्रशिया युद्ध आलं, तिथेही थोडे दिवस काम करून झालं, आणि १८७२ मध्ये तो पॅरिसच्या नोकरीवर परतला.

तिथे त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. शेकडो किलोमीटर तार टाकायला अफाट खर्च येतो, पण ती तार बहुतेक वेळ रिकामीच असते! अक्षर जातं तेवढा क्षण ती कामात, पुढचं अक्षर येईपर्यंत नुसती लोंबकळत. मग त्या रिकाम्या वेळात दुसऱ्याचा संदेश का पाठवू नये? वरिष्ठांनी सांगितलं, कर प्रयोग, पण ड्युटी संपल्यावर. नोकरी सांभाळून त्याने यंत्र उभं केलं आणि १७ जून १८७४ ला पेटंट घेतलं.

पाच बटणं, एक ठेका

मोर्सच्या लिपीत ‘ई’ म्हणजे एकच टिंब, तर ‘क्यू’साठी चार खुणा. माणसाच्या कानाला हे चालतं, कारण अक्षर कुठे संपलं ते त्याला सवयीने कळतं. यंत्राला नाही कळत. बोदोने प्रत्येक अक्षराला सारखेच पाच भाग दिले. प्रत्येक भागात विजेची दिशा एक तर ही, नाही तर ती. म्हणजे पाच बिट, एकूण ३२ जोड्या. अक्षरं आणि आकडे मिळून ३२ मध्ये मावत नाहीत, म्हणून त्याने ‘आता आकडे’ आणि ‘आता अक्षरं’ असे दोन खास कोड ठेवले. फोनच्या कीबोर्डवर आपण आकड्यांसाठी एक बटण दाबून पान बदलतो, तसंच अगदी.

कीबोर्ड तर बघण्यासारखा होता. फक्त पाच बटणं: दोन डाव्या हाताला, तीन उजव्या. तीन बटणांच्या सात जोड्या होतात, त्यात त्याने फ्रेंचचे स्वर आणि ‘वाय’ बसवले. म्हणजे स्वर उजव्या हातानेच पुरे व्हायचे, व्यंजनासाठी मात्र डावा हातही लागायचा. बोटांना लवकर सवय व्हावी म्हणून केलेली ही मांडणी एखाद्या कसलेल्या ऑपरेटरलाच सुचावी.

आता मुख्य भाग. तारेच्या दोन्ही टोकांना एकेक गोल तबकडी, तिच्यावर संपर्काचे तुकडे आणि त्यांवरून फिरणारा ब्रश. ब्रश पहिल्या ऑपरेटरच्या पाच तुकड्यांवरून गेला की त्याचं अक्षर तारेवर जाई, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. चार ऑपरेटर, एक तार. (टूजीच्या काळात एकाच फ्रीक्वेन्सीवर आठ फोन पाळीपाळीने बोलायचे, त्यामागची युक्ती हीच.) ब्रश मिनिटाला साधारण १८० फेऱ्या मारी, म्हणजे प्रत्येकाला सेकंदाला तीन संधी. आपली पाळी आली की यंत्र ‘टक्’ असा आवाज देई, आणि ऑपरेटरने बरोबर त्याच ठेक्यावर बोटं दाबायची. लवकर नाही, उशिरा नाही. तबल्याची संगत करावी तसं दिवसभर. मिनिटाला जेमतेम ३० शब्द जात, पण चौघांचे मिळून १२०, एकाच तारेवरून.

हे सगळं एका अटीवर चाले. दोन्ही टोकांचे ब्रश एकाच क्षणी एकाच जागी असले पाहिजेत. एक जरा जरी मागे पडला, तर पहिल्याचं अक्षर दुसऱ्याच्या कागदावर, तेही मोडकंतोडकं. म्हणून दर फेरीला एक दुरुस्तीचा इशारा जाई आणि समोरचं चक्र त्यानुसार स्वतःला सावरून घेई. माझ्या मते बोदोचं खरं काम हे आहे. पाच बिटांचा कोड सगळ्यांना आठवतो, पण दोन यंत्रांना एका ठेक्यावर धरून ठेवणं जास्त अवघड होतं.

आता परत त्या बंद स्क्रीनकडे

स्क्रीन आणि जुना पीएलसी यांच्यात दुरुस्तीचा असा सततचा इशारा नसतो. तिथे प्रत्येक अक्षराच्या आधी एक स्टार्ट बिट येतो. तो दिसला की ऐकणारा आपलं घड्याळ सुरू करतो आणि ठरलेल्या अंतराने लाइन वाचत जातो. ९६०० बॉडला एका बिटाची लांबी साधारण १०४ मायक्रोसेकंद. समोरचा १९२०० ने बोलत असेल तर त्याचा बिट ५२ चा. म्हणजे आपण एक बिट वाचेपर्यंत त्याचे दोन होऊन गेले! पुढचं सगळं गणितच चुकलं.

इथे एक फसवी गोष्ट आहे, आणि तिच्यात लोकांचे तासच्या तास जातात. मॉडबस आरटीयूसारख्या प्रोटोकॉलमध्ये स्क्रीन प्रश्न विचारते आणि पीएलसी उत्तर देतो. प्रश्न नीट वाचता आला नाही, तर पीएलसी ‘कळलं नाही’ असं म्हणत नाही. तो तपासणीचा आकडा जुळत नाही म्हणून आख्खा संदेश फेकून देतो आणि गप्प बसतो. स्क्रीन वाट बघून टाइमआउट दाखवते. म्हणजे चुकीचा बॉड रेट आणि तुटलेली केबल, दोन्हींची एरर एकच! मग माणूस केबल बदलतो, कनेक्टर बदलतो, शेवटी स्क्रीनच परत पाठवतो.

म्हणून पाना-पेचकस उचलण्याआधी पोर्टजवळचे छोटे दिवे बघा. पीएलसीचा ‘आरएक्स’ दिवा लुकलुकतोय पण ‘टीएक्स’ थंड असेल, तर आवाज पोचतोय, अर्थ पोचत नाहीये. तिथे बॉड रेट, पॅरिटी, डेटा बिट, स्टॉप बिट आणि स्टेशन नंबर तपासायचे. ‘आरएक्स’सुद्धा मेलेला असेल, तर मात्र वायरिंगकडे वळा. आरएस-४८५ असेल तर ए आणि बी उलटे लागलेत का ते आधी बघा, कारण ही नावं सगळ्या कंपन्या एकाच अर्थाने वापरत नाहीत. दोन्ही दिवे चालू, तरी आकडे मध्येच येतात-जातात, असं असेल तर लांब केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर आहे का, आणि केबल व्हीएफडीच्या पॉवर केबलला खेटून गेलीये का, हे बघायला हवं.

बॉड रेट जुळला तरी काम होईलच असं नाही. मित्सुबिशीच्या जुन्या एफएक्स मालिकेचा प्रोग्रामिंग पोर्ट ९६०० बॉड, ७ डेटा बिट आणि इव्हन पॅरिटी मागतो. नवीन स्क्रीनवर ८ बिट, पॅरिटी नाही, असं आधीपासून भरलेलं असलं तर वेग बरोबर असूनही संवाद होणार नाही. मॉडबस १९७९ मध्ये मॉडिकॉनने आणला. त्याच्या आरटीयू प्रकारात ८ बिट लागतात, आस्की प्रकारात ७. हे आकडे कुणी अंदाजाने टाकत बसू नये. जुन्या स्क्रीनचा प्रोजेक्ट किंवा पीएलसीचा प्रोग्राम मिळाला तर त्यातून घ्यावेत. काही कंट्रोलरवर ते छोट्या डिप स्विचने ठरतात, आणि स्विच हलवला तरी बदल पुढच्या पॉवर-ऑनलाच लागू होतो.

पण थांबा, ‘एकदा बंद करून चालू करून बघू’ हा फोनवरचा उपाय इथे लगेच करू नका. बऱ्याच जुन्या पीएलसीमध्ये प्रोग्राम बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत असतो. बॅटरीचा दिवा लागलेला असताना सप्लाय काढला, तर सेटिंगच काय, आख्खा प्रोग्राम उडू शकतो. आणि त्याची कॉपी कुणाकडे नसेल, तर स्क्रीनचा प्रश्न बाजूलाच राहिला, मशीनच खोळंबलं. आधी बॅकअप घ्या, मग बॅटरी मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे बदला, मग बाकीचं.

कोर्ट, आजार आणि मिलानची तार

बोदोचं यंत्र १८७७ मध्ये पॅरिस-बोर्दो लाइनवर कामाला लागलं. पुढच्या वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं. सगळं सरळ झालं असं मात्र नाही. लुई व्हिक्टर मिमो याने पाच भागांच्या कोडची कल्पना आपली आधीची असल्याचा दावा केला आणि प्रकरण कोर्टात गेलं. कल्पना सुचणं आणि ती रोजच्या ट्रॅफिकमध्ये चालवून दाखवणं, यात अंतर असतं. लाइनवर चढलं ते बोदोचं यंत्र.

शरीर त्याला साथ देत नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतच दुखणं मागे लागलं. वारंवार रजेवर राहावं लागे, एकदा तर महिनाभर, आणि हे शेवटपर्यंत सुटलं नाही. जानेवारी १८९० मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्याने लग्न केलं. पत्नी मारी तीन महिन्यांतच, एप्रिलमध्ये, वारली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने पॅरिस, व्हान आणि लोरियां ही तीन शहरं एकाच तारेवर जोडली. मधल्या चार महिन्यांत त्याच्यावर काय गुजरलं असेल, ते या नोंदींवरून कळत नाही. कामाची तारीख तेवढी दिसते.

एप्रिल १८९४ मध्ये त्याने पॅरिस आणि मिलानचे शेअर बाजार एका तारेने जोडले. एवढ्या लांब जाताना सिग्नल मरगळतो, म्हणून वाटेत तो ताजा करून पुढे पाठवणारं यंत्रही त्यानेच बनवलं. लांब आरएस-४८५ लाइनवर आपण रिपीटर लावतो, तो त्याच कुळातला. इटली, हॉलंड, मग ब्रिटन, जर्मनी, रशिया असं करत हे यंत्र पसरलं. एव्हाना सरकारने त्याला लिजन ऑफ ऑनर दिलं होतं. २८ मार्च १९०३ ला पॅरिसजवळच्या सो या गावी तो वारला, वय सत्तावन्न.

ठेक्यावर बोटं दाबण्याची कसरत मात्र फार काळ टिकली नाही. १९०१ मध्ये डोनाल्ड मरे याने पाच बिटांचा कोड नव्याने लावला आणि टाइपरायटरसारखा कीबोर्ड आणला. पुढे स्टार्ट-स्टॉप पद्धत आली, आणि तिच्यावर टेलिप्रिंटर चालले. १९२६ मध्ये तारेच्या वेगाला शब्द-प्रति-मिनिट सोडून नवं एकक सुचवलं गेलं, तेव्हा त्याला बोदोचं नाव दिलं.

एक गफलत मात्र आजही होते. बॉड म्हणजे सेकंदाला लाइनवरचा सिग्नल किती वेळा बदलू शकतो तो आकडा. बिट किती गेले, तो वेगळा. आपल्या पीएलसीच्या केबलवर सिग्नलच्या दोनच पातळ्या असतात, म्हणून दोन्ही आकडे सारखे येतात. टेलिफोनवरचे जुने २४०० बिटचे मॉडेम मात्र ६०० बॉडनेच चालायचे, कारण ते एका बदलात चार बिट बसवत. आणि ९६०० बॉडला सेकंदाला ९६०० अक्षरंही जात नाहीत. स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून एका अक्षराला दहा बिट लागतात, पॅरिटी असली तर अकरा. म्हणजे फार तर ९६० अक्षरं. एकाच जुन्या पोर्टवरून स्क्रीनने दोन-तीनशे आकडे मागितले आणि पान उघडायला वेळ लागला, तर केबल खराब असेलच असं नाही. आधी प्रत्येक पानावर खरंच किती आकडे लागतात ते मोजा आणि बाकीचे काढून टाका.