खडकी वसविणारा मलिक अंबर

छत्रपती संभाजीनगर शहरात टाऊन हॉलजवळ भडकल दरवाजा नावाची एक भव्य दगडी वास्तू उभी आहे. तिच्या उंच कमानीकडे मान वर करून पाहणारी मुले बहुधा विचारतात, की हा दरवाजा कोणी बांधला? ज्याने तो बांधला, त्या पुरुषाचा जन्म या भूमीत झालेला नव्हता. समुद्रापलीकडे आफ्रिका खंडात हबसाण, म्हणजे आजचा इथिओपिया, नावाचा देश आहे. तेथे १५४८ च्या सुमारास तो जन्मला. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात विकला गेला. आईबाप, घर, भाषा, सारे सुटले. त्याचे मूळचे नावही उरले नाही. बगदादमधील एका व्यापाऱ्याने त्याला लिहावयास-वाचावयास शिकविले आणि अंबर हे नाव दिले.

पुढे तो दक्षिण हिंदुस्थानात अहमदनगरास आला. आला म्हणण्यापेक्षा आणला गेला, असे म्हणणे अधिक बरोबर. निजामशाहीचा वजीर चंगीजखान याने त्याला विकत घेतले. हा वजीरही हबशीच होता आणि तोही एके काळी गुलाम होता. परमुलखातून आलेला माणूस आपल्या बुद्धीच्या बळावर कोठवर जाऊ शकतो, हे अंबरला त्याच्या घरी राहून रोज पाहावयास मिळाले. राज्याचा हिशेब कसा ठेवतात, सैन्य कसे राखतात, हे तो येथेच शिकला. चंगीजखानाच्या मृत्यूनंतर अंबर स्वतंत्र झाला. पण स्वतंत्र माणसालाही भाकरी लागते, आणि त्याला तर स्वतःचे गावही नव्हते. पोटासाठी तो विजापूरच्या सैन्यात गेला. थोडीशी माणसे हाताशी धरून १५९५ च्या सुमारास तो पुन्हा अहमदनगरकडे परतला.

ते दिवस फार वाईट होते. मोगलांनी १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाहीचे शिपाई उघडे पडले. फौजांच्या येण्याजाण्याने पिके तुडविली गेली. शेतकरी घरेदारे सोडून रानोमाळ झाले आणि गावेच्या गावे ओस पडली. अशा वेळी अंबरने ही विखुरलेली माणसे गोळा करण्यास आरंभ केला. हबशी होते, अरब होते, दक्षिणी मुसलमान होते आणि मराठे तर मोठ्या संख्येने होते. निजामशाही घराण्यातील एका मुलास त्याने गादीवर बसविले व राज्याचा सारा भार स्वतःच्या खांद्यांवर घेतला.

ओसाड गावे पुन्हा नांदती करावयाची, तर परागंदा झालेला शेतकरी परत आला पाहिजे. तो कशाला येईल? पीक हाती येण्यापूर्वीच कोणी लुबाडणार असेल, तर येणारच नाही. म्हणून अंबरने गावे मक्त्याने देण्याची चाल बंद केली. जमिनीची पाहणी करून तिच्या मगदुराप्रमाणे सारा ठरविला आणि गावच्या पाटील-कुळकर्ण्यांची वतने त्यांच्याकडे कायम ठेवली. ही व्यवस्था मलिकंबरी धारा म्हणून महाराष्ट्रात पुढे पुष्कळ काळ ओळखली जात होती.

१६१० च्या सुमारास दौलताबादेपासून थोड्या अंतरावर, खाम नदीकाठच्या खडकी या लहानशा गावी त्याने नवे शहर वसविण्यास घेतले. सरदारांना जागा दिल्या. त्यांच्यामागून कारागीर आले, व्यापारी आले, शिपायांची कुटुंबे आली. शहरातील मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा ही वस्त्यांची नावे मराठा सरदारांवरून पडली, असे सांगतात. कालपर्यंत छावणीत राहणाऱ्या माणसांना पत्ता मिळाला!

पण १६१६ मध्ये रोषणगावच्या लढाईत अंबरचा पराभव झाला. मोगल फौज खडकीत शिरली. तिने शहर लुटले, जाळले आणि ती निघून गेली. दुसरा कोणी असता, तर त्याने दुसरीकडे राजधानी केली असती. अंबरने त्याच राखेवर घरे पुन्हा उभी केली.

आणि १६१७ च्या सुमारास त्याने शहरासाठी नहर बांधली. शहराच्या उत्तरेस हर्सूलकडील डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीत पाणी मुरत असे. तेथून भुयारी पाट काढून, त्याला बेताचा उतार देऊन त्याने ते पाणी शहरात आणले. पाटाच्या बांधकामात ठिकठिकाणी फटी ठेवल्या होत्या. त्यांतून भोवतालचे झिरपे आत येत. हवा खेळावी व गाळ काढता यावा, म्हणून वाटेवर विहिरीसारखी मनोरे-झरोकी होती. शहरात मातीच्या नळांतून हे पाणी हौदांपर्यंत जाई. ना मोट, ना रहाट. पाणी आपल्याच उताराने चालत येई. उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या या मुलखात परक्या गावाहून आलेल्या कुटुंबाला चूल मांडण्यापूर्वी पहिली चिंता घागरीची असते, हे ज्याने स्वतः हद्दपारी भोगली त्याला कोणी सांगावे लागले नसेल. १६२१ मध्ये मोगलांनी खडकी पुन्हा उद्ध्वस्त केली. माणसे तेव्हाही परतली.

या चरित्रात एक गोष्ट मनाला टोचते, ती लपविणे योग्य नव्हे. स्वतः गुलामगिरी भोगलेल्या अंबरनेही पुढे हबशी गुलाम विकत घेऊन त्यांचे सैन्य उभारले. त्याने त्यांना शिकविले, वाढविले. तरी ते विकले गेलेले होते.

जहांगीर बादशहाला त्याचा इतका संताप होता, की अंबरच्या मस्तकावर आपण बाण मारीत आहोत असे चित्र त्याने काढवून घेतले होते. प्रत्यक्षात ते मस्तक त्याच्या हाती कधीच लागले नाही. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत अंबरने मोगल व विजापूर यांच्या एकत्र फौजेस पाणी पाजले. शहाजीराजे भोसले या लढाईत त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. दोन वर्षांनी, १६२६ मध्ये, अंबर वारला. त्याची कबर खुलताबाद येथे आहे.

त्याच्या मुलाने खडकीस फतेहनगर म्हटले, औरंगजेबाने औरंगाबाद म्हटले आणि २०२३ पासून शहर छत्रपती संभाजीनगर झाले. नावे बदलत राहिली, तरी नहरीचे पाणी त्यानंतरही कित्येक पिढ्या हौदांत पडत होते. पुढे शहरात आणखी नहरी झाल्या. पाणचक्की फिरविणारी नहर त्यांपैकीच एक.