विश्लेषण : चार सफरींचा गलिव्हर पडद्यावर लिलिपुटमध्येच का अडकतो?

दोऱ्यांनी जखडलेला गलिव्हर आणि त्याच्या अंगावर चढलेली बोटभर माणसे, हे चित्र बहुतेकांनी लहानपणी पाहिलेले असते. पण जोनाथन स्विफ्ट यांनी ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ मुलांसाठी लिहिलेच नव्हते. त्याला कात्री लावायला सुरुवात झाली तीही त्यांच्या हयातीतच.

कोण होते स्विफ्ट?

३० नोव्हेंबर १६६७ रोजी डब्लिनमध्ये जन्म. वडील आधीच वारले होते. शिक्षणाचा खर्च काकांनी केला. पुढे ते धर्मगुरू झाले, लंडनमध्ये टोरी सरकारच्या बाजूने लिहू लागले. इंग्लंडमध्ये मोठे पद मिळेल ही आशा फोल ठरली आणि १७१३ मध्ये ते डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलचे डीन म्हणून परतले.

सरकारशी का भिडले?

आयर्लंडसाठी तांब्याची नाणी पाडण्याचा परवाना विल्यम वुड या इंग्रज व्यावसायिकाला मिळाला होता. यात आयर्लंड लुबाडले जाईल, असे सांगणारी पत्रे स्विफ्ट यांनी १७२४ मध्ये कापड दुकानदाराच्या टोपणनावाने छापली. लेखकाचे नाव सांगणाऱ्याला ३०० पौंडांचे इनाम जाहीर झाले. तरी कोणीही त्यांना पकडून दिले नाही. १७२५ मध्ये परवाना रद्द झाला.

पहिली कात्री कोणाची?

कादंबरी २८ ऑक्टोबर १७२६ रोजी आली, लेखक म्हणून नाव गलिव्हरचेच. कारवाईच्या भीतीने प्रकाशक बेंजामिन मॉट यांनी काही मजकूर बदलला. १७३५ च्या डब्लिन आवृत्तीत बरीच दुरुस्ती झाली. पण उडत्या बेटाविरुद्ध लिंडालिनो शहराने केलेले बंड, म्हणजे नाण्यांच्या लढ्याचे रूपक, छापायला १८९९ साल उजाडले.

पडद्यावर काय झाले?

१९३९ च्या अ‍ॅनिमेशनपटाने फक्त लिलिपुट घेतले. ते दिसायला गमतीशीर आहे. युरोपातल्या युद्धांची किळस येणारा राक्षसदेशाचा राजा, बिनकामाचे प्रयोग करणारे विद्वान, माणसांपेक्षा शहाणे घोडे हे सगळे बाहेर राहिले.

फेब्रुवारी १९९६ मध्ये अमेरिकेत एनबीसीवर दोन भागांची मालिका आली. टेड डॅन्सन यांच्या या मालिकेत चारही सफरी होत्या. युक्ती अशी, की घरी परतलेल्या गलिव्हरला वेडा ठरवून इस्पितळात डांबले जाते आणि बायको-मुलगा त्याच्या बाजूने उभे राहतात. कुटुंबाची गोष्ट पुढे सरकत राहिली, त्यामुळे उपहासही टिकला. मालिकेला एमी पुरस्कार मिळाला.

मग तडजोड कुठे?

शेवटात. मालिकेत कुटुंब एकत्र येते. पुस्तकातल्या गलिव्हरला मात्र घरच्यांचा वासही सहन होत नाही, तो तबेल्यातल्या घोड्यांशी बोलत बसतो.

स्विफ्ट यांनाही १७४२ मध्ये स्वतःचा कारभार पाहण्यास असमर्थ ठरवण्यात आले. १९ ऑक्टोबर १७४५ रोजी त्यांचे निधन झाले. आपली बहुतांश संपत्ती त्यांनी मनोरुग्णांच्या रुग्णालयासाठी ठेवली होती. डब्लिनमधले ते सेंट पॅट्रिक्स रुग्णालय आजही सुरू आहे.