देहूचे वाणी तुकोबा आणि अर्धे कर्जरोखे

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात राहणारे आपण हे नाव दिवसातून कितीदा तरी उच्चारतो. रिक्षावाल्याला सांगतो, मेट्रोच्या स्थानकावर वाचतो. परंतु ज्यांचे हे नाव ते पेशाने दुकानदार होते, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? आपल्या घरांतील अनेक तरुण आज पिंपरीपासून चाकणपर्यंत विक्रीची कामे करतात. कोणी गाड्या विकतो, कोणी सदनिका, कोणी यंत्रांचे सुटे भाग. महिन्याचे टार्गेट गाठण्यासाठी मालाचा दोष झाकला, तर त्या कमाईत बरकत राहील का, असे जुम्याच्या नमाजनंतर मला अनेकदा विचारले जाते. अकीद्याच्या बाबतीत तुकोबांची वाट वेगळी आणि आपली वेगळी, हे उघडच आहे. मुआमलात, म्हणजे देण्याघेण्याच्या व्यवहारात मात्र हा शेजारी आपल्याला पुष्कळ शिकवून जातो.

तुकोबांचा जन्म सामान्यतः 1608 सालचा मानला जातो. इंद्रायणीकाठच्या देहू गावी बोल्होबा आणि कनकाई यांच्या पोटी ते जन्मले. घरात शेती, वाण्याचे दुकान, सावकारी आणि गावच्या पेठेची महाजनकी होती. थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे, धाकटे कान्होबा लहान. त्यामुळे दुकानाचा भार कोवळ्या वयातच तुकोबांवर आला. काही वर्षे बरी गेली. मग आईवडील गेले, भावजय गेली, सावजी तीर्थाटनाला निघून गेले. पाठोपाठ 1630 च्या सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. गिऱ्हाइकाजवळ पैसा नाही आणि दुकानात माल नाही, अशी गत झाली. पहिली पत्नी रखमाबाई आणि लहानगा मुलगा संतू याच काळात गेले. दिवाळे निघाले. इतरांना कर्ज देणाऱ्या घराण्याचा हा मुलगा बाविशीच्या आसपास स्वतःच कर्जदार झाला.

दुसरी पत्नी जिजाई पुण्याच्या सावकाराची लेक. तिने भांडवल उभे करून दिले. या दिवसांच्या हकिकती अठराव्या शतकातील चरित्रकार महिपती यांनी सांगितल्या आहेत; त्यांतील चमत्कार बाजूला ठेवून केवळ व्यवहार पाहू. तुकोबा मिरची घेऊन कोकणात गेले आणि गिऱ्हाइकांनी स्वतःच मोजून घ्यावे, असे त्यांनी ठरवले. लोकांनी अर्थातच हात सैल सोडला. परतीच्या वाटेवर एका ठगाने सोन्याचा मुलामा दिलेले पितळी कडे त्यांच्या गळ्यात मारले. पुढे एका फेरीत नफा झाला, तर कर्जापायी नाडलेल्या एका गरिबाला सोडवण्यात मुद्दलासह सारी रक्कम गेली.

येथे मला स्पष्ट सांगितले पाहिजे, की माप गिऱ्हाइकाच्या हाती सोपवणे हा आपल्याकडचा मार्ग नव्हे. कुरआनने माप भरून देण्याची ताकीद दिली आहे, तशीच घरच्यांच्या पोटाची जबाबदारीही कमावत्यावर टाकली आहे. दुसऱ्याला फसवायचे नाही आणि स्वतःला लुटूही द्यायचे नाही, हा तोल त्या तरुण वाण्याला साधला नाही.

तो साधला पुढे, कर्जरोख्यांच्या वेळी. चाकणच्या कारखान्यांजवळ जो भामचंद्र डोंगर आहे, तेथे तुकोबा एकांतात जाऊन बसले होते. कान्होबा त्यांना शोधून परत घेऊन आले. तेव्हा घराण्याचे कर्जरोखे त्यांनी बाहेर काढले. ते ज्यांच्या नावाचे, तेही त्याच दुष्काळातून कसेबसे वाचले होते. सावकार दारात उभा राहिला, की घरातल्या माणसांची काय अवस्था होते, हे आता तुकोबांना ऐकून नव्हे तर सोसून कळले होते. त्यांनी रोख्यांचे दोन वाटे केले. अर्धे कान्होबांना दिले आणि स्वतःच्या वाट्याचे इंद्रायणीच्या डोहात सोडले.

लोक नदीत गेलेल्या रोख्यांबद्दल बोलतात. मला कान्होबांना दिलेले अर्धे अधिक महत्त्वाचे वाटतात. भावाच्या हक्काचे पैसे माफ करण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे औदार्याच्या भरातही ते विसरले नाहीत. आपण याला हुकूकुल-इबाद म्हणतो. सावकारी म्हटली की व्याज आले आणि ते हराम आहे. पण ज्या आयतींत व्याज सोडण्याचा हुकूम आहे, त्यांतच अडचणीतल्या ऋणकोला सवड देण्याचा आणि माफ करता आले तर ते अधिक चांगले, असा उपदेश आहे.

कूफ्याचे कापडव्यापारी इमाम अबू हनीफा (रह.) यांचे चरित्र आठवावे. आपल्याला बघून वाट बदलणाऱ्या ऋणकोला त्यांनी गाठले, कर्ज माफ केले आणि आपल्यामुळे त्याला लाजावे लागले, याबद्दल उलट त्याचीच माफी मागितली. भागीदाराने कापडाचा दोष न सांगता माल विकला आणि गिऱ्हाईक सापडेना, तेव्हा आलेली सारी रक्कम त्यांनी दान केली. विचारणाऱ्या तरुणांना मी हीच हकिकत सांगतो.

तुकोबांच्या घरी पुढेही ओढगस्त राहिलीच. ते डोंगरावर असत, तेव्हा जिजाई भाकरी बांधून त्यांना शोधत वर चढत असे. 1650 च्या सुमारास तुकोबा गेले. धाकटा नारायण तेव्हा तिच्या पोटात होता.