निसर्गाचा साक्षीदार : विल्यम हेन्री जॅक्सन

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एका दूरच्या प्रदेशाविषयी विलक्षण गोष्टी कानांवर येत असत. रॉकी पर्वताच्या कुशीत यलोस्टोन नावाची नदी वाहते. तिच्या खोऱ्यात उकळत्या पाण्याचे फवारे जमीन फोडून शंभर शंभर फूट उंच उडतात, चिखल चुलीवरच्या पिठल्यासारखा रटरटत असतो आणि पिवळ्या-तांबड्या कड्यांमधून प्रचंड धबधबा कोसळतो, असे तिकडून परतलेले शिकारी सांगत. शहरांतील सुशिक्षित माणसे या गोष्टी ऐकत आणि हसून सोडून देत. रानावनांत एकट्याने भटकणाऱ्या माणसाला असल्या थापा सुचायच्याच, असे त्यांना वाटे. या गोष्टी खऱ्या आहेत, हे ज्याने काचेच्या तुकड्यांवर उमटवून सर्वांना दाखविले, त्या छायाचित्रकाराचे नाव विल्यम हेन्री जॅक्सन.

जॅक्सनचा जन्म ४ एप्रिल १८४३ रोजी न्यूयॉर्क संस्थानातील कीझव्हिल या गावी झाला. त्याची आई जलरंगांत सुरेख चित्रे काढीत असे. तिच्यापासूनच त्याला चित्रकलेची गोडी लागली. वस्तू नुसती पाहून भागत नाही. ती कोठे उजळ आहे, कोठे सावलीत आहे, जवळची कोणती आणि दूरची कोणती, हे नीट न्याहाळावे लागते, हा धडा तो लहानपणीच शिकला. पुढे छायाचित्रकारांच्या दुकानांत त्याला काम मिळाले. छायाचित्रांवर हाताने रंग भरणे, त्यांतील डाग व उणिवा झाकणे, हे ते काम होते. हे करता करता छायाचित्रणाची सारी विद्या त्याने आत्मसात केली.

१८६२ साली, अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, तो सैन्यात दाखल झाला. सैन्यातील मुदत संपल्यावर तो पुन्हा आपल्या जुन्या धंद्यात परतला. त्याचे लग्नही ठरले होते. परंतु वाग्दत्त वधूशी भांडण होऊन ते मोडले. खिन्न मनाने १८६६ साली त्याने घर सोडले आणि पश्चिमेची वाट धरली. मालाने भरलेल्या गाड्यांचे बैल हाकण्याचे काम त्याने पत्करले. ओसाड माळ, धुळीने भरलेल्या वाटा आणि क्षितिजावर दिसणारे हिमाच्छादित पर्वत हीच आता त्याची शाळा झाली. परतीच्या प्रवासात तर त्याने रानटी घोड्यांचा कळप शेकडो मैल हाकीत आणला. या दोन वर्षांत उघड्यावर झोपणे, मिळेल ते खाणे आणि अडचणीत डोके शांत ठेवणे या गोष्टी त्याच्या अंगवळणी पडल्या.

१८६७ साली ओमाहा या शहरात त्याने भावासह छायाचित्रांचे दुकान थाटले. धंदा बरा चालला. पण दुकानात बसून गिऱ्हाइकांचे चेहरे टिपण्यात त्याचे मन रमेना. त्या सुमारास पूर्व आणि पश्चिम किनारे जोडणारा लोहमार्ग पुरा होत होता. १८६९ साली जॅक्सनने त्या मार्गालगतच्या दऱ्याखोऱ्यांची छायाचित्रे घेतली. ती फर्डिनंड हेडन या भूगर्भशास्त्रज्ञाच्या पाहण्यात आली. सरकारच्या वतीने पश्चिमेकडील अज्ञात प्रदेशाची पाहणी करण्याचे काम हेडनकडे होते. नकाशे आणि दगडांचे नमुने यांबरोबर खरीखुरी चित्रेही हाती असावीत, हे त्याने ओळखले आणि १८७० साली जॅक्सनला आपल्या तुकडीत घेतले.

त्या काळी छायाचित्र घेणे म्हणजे मोठा खटाटोप असे. स्वच्छ केलेल्या काचेवर प्रथम कलोडियन नावाचा चिकट द्रव सारखा पसरावयाचा. मग ती काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची. ती ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवून काही क्षण प्रकाश दाखवावयाचा आणि वाळण्यापूर्वीच पुन्हा अंधारात नेऊन रसायनांनी तिच्यावर प्रतिमा उमटवावयाची. काच मध्येच वाळली की सारे श्रम फुकट. छायाचित्र मोठे करून छापण्याची सोयही तेव्हा नव्हती. जेवढे चित्र हवे, तेवढीच मोठी काच न्यावी लागे आणि त्या काचेला पुरेल एवढा मोठा कॅमेराही लागे. म्हणून छायाचित्रकाराला आपली अंधारखोली बरोबरच न्यावी लागे. जॅक्सनचा एक लहानसा तंबू होता. त्याला आतून नारिंगी कापडाचे अस्तर लावलेले होते, कारण नारिंगी प्रकाशाने त्या काचा बिघडत नसत. काचा, बाटल्या, कॅमेरा असे सुमारे ३०० पौंड ओझे एका खेचराच्या पाठीवर लादलेले असे. कान कापलेल्या त्या लठ्ठ खेचराचे नाव जॅक्सनने हायपो असे ठेवले होते. प्रतिमा कायम करण्यासाठी जे रसायन वापरतात, त्याचेच हे नाव होय.

१८७१ च्या उन्हाळ्यात हेडनची तुकडी यलोस्टोनच्या खोऱ्यात शिरली. तिच्यात थॉमस मोरान नावाचा एक चित्रकारही होता. हा सडपातळ गृहस्थ यापूर्वी कधी घोड्यावर बसलेला नव्हता. म्हणून खोगिरावर उशी ठेवून त्याने तो सारा खडतर प्रवास केला. जॅक्सन आणि मोरान यांची लवकरच गट्टी जमली. कोणत्या जागेवरून दृश्य उत्तम दिसेल, याचा शोध दोघे मिळून घेत. मोरान रंगांची टिपणे करी आणि जॅक्सन काचेवर रूप टिपून घेई. गरम पाण्याच्या झऱ्यांनी बनविलेल्या पांढऱ्या पायऱ्यांचे छायाचित्र घेताना जॅक्सनने मोरानलाच तेथे उभे केले. माणसाची उंची सर्वांना ठाऊक असते. तिच्यावरून त्या पायऱ्यांचा विस्तार पाहणाऱ्याच्या ध्यानात येतो. येथे त्याला निसर्गाचे एक अनपेक्षित साहाय्यही लाभले. झऱ्याच्या कढत पाण्याने काचा धुतल्या की त्या लवकर वाळत आणि वेळ वाचे.

सर्वच ठिकाणी मात्र अशी सोय नव्हती. टॉवर फॉल हा धबधबा खालून टिपावयाचा होता आणि दरीत उतरण्यास वाट नव्हती. तंबू वर कड्यावरच ठेवावा लागला. जॅक्सन वर काच तयार करी, ती ओल्या टिपकागदात व ओल्या फडक्यात गुंडाळी आणि झाडांच्या फांद्यांना धरून घसरत घसरत खाली उतरे. चित्र घेऊन झाले की ती काच वाळण्यापूर्वी तोच उभा चढ पुन्हा चढावयाचा! अशा चार-पाच खेपा झाल्या की दिवस संपे. दिवसभराच्या त्या श्रमांतून हाती येत त्या मोजक्या काचा. पण त्या काचांवर पाण्याची धार, तिच्या मागचा खडक आणि कड्यावरचे सुळके जसेच्या तसे उमटलेले असत. त्यांत शिकाऱ्याच्या जिभेची अतिशयोक्ती नव्हती, की चित्रकाराच्या कुंचल्याने घातलेली भर नव्हती.

ही चित्रे अगदी योग्य वेळी हाती आली. यलोस्टोनच्या झऱ्यांजवळ काही माणसांनी जमिनीवर हक्क सांगण्यास आरंभ केला होता. नायगाऱ्याच्या धबधब्याभोवती खाजगी मालकांनी कुंपणे घालून पाहणाऱ्यांकडून पैसे उकळले होते. तोच प्रकार येथेही घडण्याची धास्ती होती. म्हणून या प्रदेशाची मालकी कोणालाही न देता तो सर्व जनतेसाठी राखून ठेवावा, असा ठराव अमेरिकेच्या विधिमंडळापुढे, म्हणजे काँग्रेसपुढे आला. परंतु ज्या सभासदांनी तो प्रदेश कधी पाहिला नाही, त्यांनी त्याच्यासाठी मत कसे द्यावे? हेडनने त्यांच्यापुढे दगडांचे नमुने, मोरानची रंगीत चित्रे आणि जॅक्सनची छायाचित्रे मांडली. वर्षानुवर्षे थापा म्हणून हसण्यावारी नेलेले फवारे आणि धबधबे आता प्रत्यक्ष डोळ्यांसमोर होते. ठरावामागे इतरही अनेकांची खटपट होती. लोहमार्गाच्या मालकांना तेथे प्रवासी यावेत असे वाटत होते, हेही खरे. तरी अविश्वास दूर करण्यात त्या काचांचा वाटा मोठा होता. १ मार्च १८७२ रोजी अध्यक्ष ग्रँट यांनी कायद्यावर सही केली आणि वीस लाख एकरांहून अधिक विस्ताराचे यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले.

या कथेला एक दुःखाची बाजूही आहे. यलोस्टोन हे निर्मनुष्य अरण्य नव्हते. शोशोनी, बॅनॉक, क्रो इत्यादी आदिवासी जमाती पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहत, शिकार करीत आणि त्या झऱ्यांना पवित्र मानीत. उद्यान झाल्यावर त्यांना तेथून दूर करण्यात आले. धबधब्यांची आणि कड्यांची चित्रे पाहणाऱ्यांना ती भूमी रिकामीच वाटली. कॅमेऱ्यासमोर जे येते त्याची साक्ष छायाचित्र खरी देते. पण जे चौकटीबाहेर राहते, त्याविषयी ते मुके असते. १८७२ हे वर्ष जॅक्सनलाही कठीण गेले. त्याच वर्षी त्याची तरुण पत्नी मॉली बाळंतपणात वारली आणि पाठोपाठ तान्ही मुलगीही गेली. एवढा आघात सोसूनही तो पुन्हा पर्वतांकडे वळला.

कोलोरॅडोत एका शिखरावर बर्फाचा भला मोठा क्रूस दिसतो, अशी वदंता होती. १८७३ च्या ऑगस्ट महिन्यात जॅक्सन दोघा सोबत्यांसह त्याच्या शोधात निघाला. पुढे खेचरे चढेनात, म्हणून सर्व सामान त्यांनी पाठीवर घेतले. समोरच्या डोंगरमाथ्यावर ते पोचले, तोच ढग क्षणभर फाटले आणि तो शुभ्र क्रूस दिसला. पण लगेच धुके दाटून आले. पांघरुणे नसताना शेकोटीच्या आधाराने त्यांनी डोंगरावरच रात्र काढली. सकाळी आकाश निरभ्र होते. परंतु काचा धुण्यास पाणी कोठून आणावयाचे? बर्फ वितळून पाणी होईपर्यंत थांबणे भाग होते. मग दुपारपूर्वी त्याने आठ काचा टिपल्या. या चित्राने जॅक्सनचे नाव घरोघरी पोचले. त्याच वर्षी एका खेचराच्या पाठीवरील ओझे घसरून उतरवलेल्या कित्येक काचांचा चुराडा झाला होता. कपाळाला हात लावून न बसता जॅक्सन मागे फिरला आणि शक्य तितकी चित्रे त्याने पुन्हा घेतली.

पुढच्या वर्षी, १८७४ मध्ये, मेसा व्हर्डेच्या परिसरात त्याने कड्याच्या कपारींत बांधलेल्या प्राचीन घरांची छायाचित्रे घेतली. मेसा व्हर्डे हेही १९०६ साली राष्ट्रीय उद्यान झाले. त्याला अपयशही चुकले नाही. १८७७ साली ओल्या काचांचा त्रास टाळण्यासाठी त्याने नव्या प्रकारची कोरडी फिल्म नेली. पण प्रवासात तिची परीक्षा घेतली नाही. घरी परतल्यावर पाहतो तो सुमारे ४०० चित्रांपैकी एकही उमटले नव्हते! नवे साधन वापरण्यापूर्वी ते पारखून घ्यावे, हे त्याला फार महाग पडून कळले.

१८७९ साली तो डेन्व्हर शहरात स्थायिक झाला. १८९४ ते १८९६ या काळात वाहतुकीची पाहणी करणाऱ्या एका मंडळाबरोबर त्याने जगाचा प्रवास केला. त्या वेळी तो भारतातही येऊन गेला. पुढे डेट्रॉइटच्या एका कंपनीत त्याने अनेक वर्षे काढली. १९२४ साली ती कंपनी बुडाली, तेव्हा तो ८१ वर्षांचा होता. या वयात माणसे विसावा घेतात. त्याने मात्र आईने हाती दिलेला कुंचला पुन्हा उचलला. वयाच्या नव्वदीनंतर त्याने सरकारी कचेरीसाठी जुन्या मोहिमांची मोठी चित्रे रंगविली आणि १९४० साली आत्मचरित्र प्रसिद्ध केले. ३० जून १९४२ रोजी, वयाच्या ९९ व्या वर्षी, न्यूयॉर्क शहरात त्याचे निधन झाले.

यलोस्टोनमागून जगात हजारो राष्ट्रीय उद्याने झाली. भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान हिमालयाच्या पायथ्याशी १९३६ साली स्थापन झाले, तर महाराष्ट्रातील ताडोबाला १९५५ साली तो मान मिळाला. जॅक्सनच्या असंख्य काचा आज अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत. जॅक्सन वक्ता नव्हता, की राज्यकर्ताही नव्हता. जे पाहिले ते श्रमपूर्वक, जसेच्या तसे टिपून त्याने लोकांपुढे ठेवले. ज्यांना त्या खोऱ्यापर्यंत जाता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत ते खोरे त्याने खेचराच्या पाठीवरून पोचविले. आणि म्हणून ते खोरे कोणा एकाच्या मालकीचे न होता आजही सर्वांसाठी खुले राहिले आहे.