कुणाच्याच मालकीची नसलेली भाषा : डॉ. झामेनहॉफ यांचे जीवन आणि कार्य

माणसाने तोंड उघडले की त्याचे गाव, त्याची जात आणि त्याचे शिक्षण ऐकणारा ताडून बसतो. एखाद्या मुलाने 'पाणी'ला 'पानी' म्हटले की वर्गात हशा पिकतो. वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही हे आजही पाहतो. उत्तर येत असूनही मूल गप्प बसते, कारण त्याच्या उच्चाराला 'अशुद्ध' म्हटले जाते. 'शुद्ध' कोणते हे मात्र त्याच्या आईबापांना विचारून कधीच ठरलेले नसते. भाषेचे नियम कोण ठरवतो, हा प्रश्न म्हणूनच व्याकरणापुरता राहत नाही, तो सत्तेचा प्रश्न होतो. या प्रश्नाला वेगळ्या वाटेने भिडलेल्या एका माणसाचे जीवन समजून घेतले पाहिजे. हा माणूस म्हणजे एस्पेरांतो भाषेचे निर्माते डॉ. लुडविक लाझर झामेनहॉफ.

झामेनहॉफ यांचा जन्म १५ डिसेंबर १८५९ रोजी बियालिस्टोक या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होते. वडील मार्क झामेनहॉफ भाषाशिक्षक होते. गावात ज्यू, पोलिश, रशियन आणि जर्मन लोक राहत. प्रत्येकाची भाषा वेगळी आणि एकाचा दुसऱ्यावर विश्वास नाही. बाजारात एकमेकांना लागून उभे राहायचे, पण माणूस म्हणून ओळख ठेवायची नाही, अशी तिथली रीत होती. त्यातही ज्यूंच्या वाट्याला सर्वांचाच द्वेष येई. या भांडणाचे मूळ परस्परांची भाषा न समजण्यात आहे, असे लहानग्या लुडविकला वाटू लागले. मोठेपणी त्यांना कळले की द्वेषाची कारणे त्याहून खोल असतात. पण सर्वांना समान अंतरावर असलेल्या भाषेचा ध्यास तिथेच लागला.

१८७३ साली कुटुंब वॉर्सा येथे आले. शाळेत लॅटिन आणि ग्रीक शिकताना लुडविकला आधी वाटले की मेलेल्या भाषेलाच पुन्हा जिवंत करावे. पण ज्याला दिवसभर राबायचे आहे त्याने लॅटिनच्या विभक्ती कधी पाठ करायच्या? मग नवी भाषाच घडवायची असे त्याने ठरवले. इंग्रजी शिकताना त्याच्या लक्षात आले की रूपांचे जंजाळ नसतानाही भाषा उत्तम चालते. व्याकरण आटोक्यात आले, पण शब्दांचा डोंगर तसाच होता.

त्यावर उपाय सापडला तो रस्त्यावरच्या पाट्यांत. दरवानाच्या खोलीवर रशियन भाषेत 'श्वेइत्सारस्काया' लिहिलेले असे आणि मिठाईच्या दुकानावर 'कोंदितोरस्काया'. दोन्ही शब्दांचे शेपूट एकच! म्हणजे एक प्रत्यय हाताशी असला तर एका शब्दातून दुसरा काढता येतो, तो वेगळा पाठ करावा लागत नाही. आपल्याकडे 'दार' लावून दुकानदार, जमीनदार, नोकरदार होतात, तसेच हे. फरक इतकाच की आपल्याकडे हा प्रत्यय काही शब्दांना लागतो, काहींना लागत नाही. झामेनहॉफ यांनी ठरवले की आपल्या भाषेत प्रत्यय अर्थाला बसेल तिथे कुठेही लावता आला पाहिजे.

त्याचे एक उदाहरण पाहा. एस्पेरांतोत 'साना' म्हणजे निरोगी. 'माल' हा उपसर्ग अर्थ उलटा करतो, म्हणून 'मालसाना' म्हणजे आजारी. 'उल' हा प्रत्यय माणूस दाखवतो, तेव्हा 'मालसानुलो' म्हणजे रुग्ण. 'एय' जागा दाखवतो, म्हणून 'मालसानुलेयो' म्हणजे रुग्णालय. धातू एकच शिकला आणि चार शब्द हाती आले. शब्दाच्या शेवटी 'ओ' आला की नाम, 'आ' आला की विशेषण, 'ए' आला की क्रियाविशेषण, असा सर्वसाधारण नियम. ज्याच्याकडे शिकायला रात्रीचा एकच तास आहे, त्याच्या दृष्टीने या काटकसरीची किंमत फार मोठी आहे.

मूळ शब्द कुठून आणायचे, हा खरा पेच होता. प्रथम त्यांनी एक-दोन अक्षरांचे मनाने रचलेले शब्द करून पाहिले. ते आखूड होते, हिशेबी होते, पण डोक्यात राहीनात. ज्याने ते रचले त्यालाच ते आठवेनात, मग इतरांची काय कथा! तेव्हा त्यांनी जिवंत भाषांमधून शब्द घ्यायला सुरुवात केली. लॅटिनवरून पाण्याला 'आक्वो', जर्मनवरून दिवसाला 'तागो' आणि कुत्र्याला 'हुंडो', इंग्रजीवरून पक्ष्याला 'बिर्डो', ग्रीकवरून 'आणि' या अर्थी 'काय'. अनेक देशांत आधीच रुळलेल्या शब्दाला पहिला मान मिळाला.

ध्वनींच्या बाबतीतही त्यांनी असाच विचार केला. अक्षरे २८, प्रत्येक अक्षराला एकच उच्चार आणि प्रत्येक उच्चाराला एकच अक्षर. आघात नेहमी शेवटून दुसऱ्या स्वरावर. स्वर पाचच, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. मराठीत 'चूल' आणि 'चार' यांतले 'च' वेगळे उच्चारले जातात, पण लिहिताना अक्षर एकच. बाहेरून मराठी शिकणारा इथे हमखास अडखळतो. एस्पेरांतोत या दोन उच्चारांना दोन वेगळी अक्षरे आहेत. त्यासाठी रोमन अक्षरांच्या डोक्यावर टोप्या चढवाव्या लागल्या, आणि त्यावरून पुढे टीकाही झाली. या भाषेत 'ण' नाही, 'ळ' नाही, ख-घ-फ-भ यांसारखे महाप्राण नाहीत. सुरुवातीलाच ज्याच्या तोंडावर हसतील असा 'ण' या भाषेत कुणाच्याच वाट्याला येत नाही.

डिसेंबर १८७८ मध्ये वर्गमित्रांसोबत त्यांनी या भाषेच्या पहिल्या रूपाचा छोटासा सोहळा केला. पुढे वैद्यकीय शिक्षणासाठी ते मॉस्कोला गेले. मुलगा नादी लागेल या काळजीने वडिलांनी भाषेच्या वह्या ताब्यात घेतल्या, आणि त्या त्यांना परत मिळाल्या नाहीत. लुडविक यांनी सारे काम पुन्हा केले. या वेळी ते स्वतःच त्या भाषेत विचार करून पाहत, भाषांतरे करत, आणि जे अडखळते ते काढून टाकत. १८८१ साली रशियन साम्राज्यात ज्यूंवर हल्ल्यांची लाट आली. त्या काळात ते काही वर्षे ज्यूंच्या स्वतंत्र वसाहतीच्या चळवळीत होते. नंतर मात्र कुठल्याही एका राष्ट्राच्या अभिमानातून मुक्ती मिळणार नाही, अशा निष्कर्षाला ते आले.

१८८५ साली ते डॉक्टर झाले आणि पुढे नेत्ररोगाकडे वळले. पुस्तक छापायला पैसे नव्हते. १८८७ साली क्लारा झिल्बर्निक यांच्याशी त्यांचे लग्न झाले. क्लारा यांच्या वडिलांचा साबणाचा कारखाना होता. त्यांनी दिलेल्या पैशातून २६ जुलै १८८७ रोजी वॉर्सा येथे रशियन भाषेतील सुमारे ४० पानांची पुस्तिका निघाली. त्यात व्याकरणाचे १६ नियम होते आणि सुमारे ९०० धातू. लेखक म्हणून नाव होते डॉक्टर एस्पेरांतो, म्हणजे आशा बाळगणारा. हेच नाव पुढे भाषेला पडले. क्लारा यांनी संसारासाठी आणलेला पैसा या कामात गेला आणि आयुष्यभर त्या पत्रव्यवहाराचा भार वाहत राहिल्या. चळवळींच्या इतिहासात अशा स्त्रियांची नोंद कमीच होते, म्हणून ती इथे मुद्दाम करीत आहोत.

पुस्तिकेतच झामेनहॉफ यांनी भाषेवरचे सर्व हक्क सोडून दिले. याचे मोल कळण्यासाठी शेजारचे उदाहरण पाहावे. जर्मन धर्मगुरू योहान मार्टिन श्लायर यांनी काही वर्षे आधी 'व्होलाप्युक' ही भाषा काढली होती. तिचा मोठा बोलबाला झाला. पण तिच्यातले शब्द इतके कापलेले होते की मूळ ओळखू येत नसे. शिवाय अंतिम शब्द आपलाच राहावा असा श्लायर यांचा आग्रह होता. भांडणे झाली आणि ती चळवळ मोडली. झामेनहॉफ यांनी उलट केले. १८९४ साली त्यांनी स्वतःच सुधारणा सुचवल्या, टोप्यांची अक्षरे काढण्याची तयारीही दाखवली. भाषा वापरणाऱ्यांनी बहुमताने त्या नाकारल्या, आणि निर्मात्याने तो निर्णय मानला.

१९०५ साली फ्रान्समधील बुलोन-स्यूर-मेर येथे पहिली जागतिक परिषद भरली. २० देशांतून ६८८ लोक आले आणि दुभाष्याशिवाय बोलले. पण तिथेच एक कटू अनुभव आला. फ्रेंच नेत्यांना झामेनहॉफ यांचे ज्यू असणे लोकांपुढे यायला नको होते. ख्रिस्ती, ज्यू आणि मुस्लिम यांना एका ओळीत बसवणारे त्यांच्या कवितेचे शेवटचे कडवे गाळावे, असा दबाव आला. त्यांनी ते कडवे वाचले नाही. सर्वांच्या समतेसाठी राबणाऱ्या माणसालाही स्वतःची ओळख झाकायला लावणारे सभ्य लोक सर्वत्र असतात. पुढच्याच वर्षी बियालिस्टोकमध्ये ज्यूंचे हत्याकांड झाले. जिनिव्हाच्या परिषदेत मात्र ते गप्प राहिले नाहीत. आपल्या जन्मगावातील क्रौर्य त्यांनी भर सभेत मांडले.

वॉर्सामध्ये त्यांचा दवाखाना गरीब ज्यू वस्तीत होता. रुग्ण गरीब, फी नाममात्र, आणि रात्री भाषेचे काम. १९१४ साली पॅरिसच्या परिषदेला निघाले असता महायुद्ध पेटले आणि त्यांना वाटेतूनच परतावे लागले. १४ एप्रिल १९१७ रोजी वॉर्सा येथे त्यांचे निधन झाले. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी त्यांचा मुलगा ॲडम याला गोळ्या घातल्या, तर सोफिया आणि लिडिया या मुलींना त्रेब्लिंका येथे मारले. स्टालिनच्या राजवटीतही अनेक एस्पेरांतो कार्यकर्त्यांचा बळी गेला. सीमेपलीकडच्या माणसांशी थेट बोलणारे लोक हुकूमशहांना धोक्याचे वाटतात. या साऱ्यातून भाषा मात्र तगली. युनेस्कोने १९५४ साली ठराव करून तिची दखल घेतली.

झामेनहॉफ यांच्या कामाची चिकित्साही केली पाहिजे. त्यांचे धातू बहुतेक युरोपातले आहेत. फ्रेंच माणसाला जे अर्धे ओळखीचे, ते मराठी किंवा चिनी माणसाला मुळापासून शिकावे लागते. काही जोडाक्षरेही अवघड आहेत. वडिलांना 'पात्रो' आणि त्यावरून आईला 'पात्रिनो', म्हणजे पुरुष मूळ आणि स्त्री प्रत्यय, ही रचना त्या काळाच्या पुरुषप्रधान विचारातून आली आहे. पण ज्यांच्या हाती भाषा सोपवली त्यांनीच तिच्यात बदल केले. घशातून काढायचा एक ध्वनी लोकांना जड गेला, म्हणून चिनी माणसाला 'ख़ीनो'ऐवजी 'चीनो' म्हणणे रूढ झाले. हा बदल कुणाच्या हुकुमाने झालेला नाही.

एस्पेरांतो जगाची भाषा झाली नाही, हे खरे आहे. ज्या भाषेमागे सैन्य आणि बाजार असतो, तीच जगाची भाषा होते. पण झामेनहॉफ यांनी एक गोष्ट कृतीने सिद्ध केली. शिकणाऱ्याला कमी लेखल्याशिवाय भाषेचे नियम करता येतात. एखाद्या मुलाच्या उच्चारावर लाल रेघ ओढण्याआधी शिक्षकांनी, आणि आपण सर्वांनीच, स्वतःला एवढे विचारावे : हा नियम त्या मुलाला बोलते करण्यासाठी आहे, की गप्प बसवण्यासाठी?