पाण्याला न भिणारी आरती



या वेळी ‘थोरांची ओळख’ हे सदर लिहायची पाळी माझी आहे. गुरुजींनी तीन-चार नावं सुचवली होती. त्यातलं आरती साहा हे नाव मी निवडलं. का निवडलं, ते शेवटी सांगते. आधी तिची गोष्ट ऐका.

आरतीचा जन्म २४ सप्टेंबर १९४० रोजी कलकत्त्यात झाला. ती अडीच वर्षांची असतानाच तिची आई वारली. भाऊ आणि धाकटी बहीण भारती मामाच्या घरी वाढले आणि आरती आजीजवळ राहिली. चार वर्षांची असताना ती काकांबरोबर चंपातला घाटावर आंघोळीला जायची. तिथंच ती पोहायला शिकली. पोरीला पाण्याची गोडी लागली आहे, हे वडिलांनी पाहिलं. त्यांनी तिला न रागावता हाटखोला इथल्या पोहण्याच्या क्लबात नेऊन घातलं. १९४६ साली तिने ११० यार्डांची शर्यत जिंकली. तेव्हा तिचं वय आपल्या पहिलीतल्या मुलांपेक्षाही कमी होतं!

१९४८ साली पोहण्याची राष्ट्रीय स्पर्धा आपल्या मुंबईला झाली. बंगालमधून एवढीशी आरती तिथं आली. १०० मीटर मुक्त शैलीत तिने रौप्यपदक मिळवलं. २०० मीटर ब्रेस्ट स्ट्रोकमध्येही रौप्य, आणि २०० मीटर मुक्त शैलीत कांस्यपदक. ब्रेस्ट स्ट्रोक म्हणजे बेडकासारखे हातपाय मारून पोहणे. देशभरातल्या मोठमोठ्या मुलींमध्ये तिने एकाच स्पर्धेत तीन पदकं घेतली.

त्या काळी मुंबईची डॉली नाझीर ही फार नावाजलेली जलतरणपटू होती. आरतीला तिच्या मागे दुसरा नंबर मिळायचा. पण दुसरा नंबर आला म्हणून आरती रुसून बसली नाही. ती रोज पोहत राहिली. १९५१ साली तिने १०० मीटर ब्रेस्ट स्ट्रोकचं अंतर १ मिनिट ३७.६ सेकंदांत कापलं आणि डॉलीचाच अखिल भारतीय विक्रम मोडला. गंमत अशी, की पुढच्याच वर्षी ह्या दोघी एका संघात आल्या. १९५२ साली फिनलंड देशातल्या हेलसिंकी शहरी ऑलिंपिक सामने झाले. भारताच्या संघात फक्त चार स्त्रिया होत्या, त्यांत डॉली आणि आरती! आरतीला बारावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. २०० मीटर ब्रेस्ट स्ट्रोक ती ३ मिनिटे ४०.८ सेकंदांत पोहली. पहिल्या फेरीच्या पुढे मात्र तिला जाता आलं नाही. घरी परतल्यावर १०० मीटर मुक्त शैलीत तिला तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीने, भारतीने हरवलं. तेव्हाही आरतीने पाणी सोडलं नाही. जे आपल्याला चांगलं जमतं त्या ब्रेस्ट स्ट्रोककडे तिने जास्त लक्ष दिलं.

आता खरी कसोटी. फ्रान्स आणि इंग्लंड ह्यांच्या मध्ये इंग्लिश खाडी आहे. सरळ मोजली तर ती सुमारे ३३ किलोमीटर रुंद आहे. पण तिथं भरती-ओहोटीचा जोर फार. दर सहा तासांच्या आसपास प्रवाह दिशा बदलतो आणि पोहणाऱ्याला आडवा ओढून नेतो. म्हणून प्रत्यक्षात कितीतरी जास्त पोहावं लागतं. पाणी तर इतकं गार, की त्या काळी अंगाला चरबी फासून उतरत. सोबत नाव असते, नावेतून खायला-प्यायला देतात, पण नावेला हात लावला की पोहणारा बाद! १९५८ साली आताच्या बांगला देशातले ब्रोजेन दास आणि भारताचे मिहिर सेन यांनी ही खाडी पार केली होती. आशिया खंडातल्या एकाही बाईने मात्र तोवर ती पार केली नव्हती.

आरतीने ते मनावर घेतलं. पैशाची अडचण होती, पण डॉ. अरुण गुप्ता यांनी धडपड केली आणि मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनीही मदत केली. १३ एप्रिल १९५९ रोजी कलकत्त्यातल्या देशबंधू पार्कच्या तलावात ती सलग आठ तास पोहली. नंतर सोळा तास पोहून दाखवलं. जुलैमध्ये ती इंग्लंडला निघाली.

२७ ऑगस्ट १९५९ रोजी शर्यत होती. मध्यरात्र उलटल्यावर सगळे पाण्यात उतरले. आरतीची सोबतीची नाव मात्र वेळेवर आलीच नाही, त्यामुळे ती ४० मिनिटे उशिरा निघाली. इंग्लंडचा किनारा थोड्याच मैलांवर राहिला होता, तेवढ्यात प्रवाह उलटला. तासन् तास हात मारूनही ती फारशी पुढे सरकेना. शेवटी तिला नावेत घ्यावं लागलं.

मित्रांनो, आपण असतो तर सामान बांधून गावी परत आलो असतो. आरती तिथंच थांबली. २९ सप्टेंबर १९५९ रोजी ती फ्रान्सच्या ग्री-ने नावाच्या टोकावरून पुन्हा पाण्यात उतरली. लाटांशी झुंज देत, ४२ मैल म्हणजे सुमारे ६७ किलोमीटर पोहून ती इंग्लंडच्या सँडगेट इथं काठाला लागली. तिला १६ तास २० मिनिटे लागली. मी हिशोब केला. सकाळी सहाला पाण्यात उतरलं तर रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी बाहेर यायचं! एकोणीस वर्षं पूर्ण होऊन तिला पाचच दिवस झाले होते. काठावर तिने आपला तिरंगा फडकावला. इंग्लिश खाडी पोहून जाणारी ती आशियातली पहिली स्त्री ठरली.

१९६० साली सरकारने आरतीताईंना पद्मश्री दिली. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला खेळाडू. पुढे डॉ. अरुण गुप्ता यांच्याशीच त्यांचं लग्न झालं. त्यांनी रेल्वेत नोकरी केली. २३ ऑगस्ट १९९४ रोजी काविळीच्या आजाराने त्या वारल्या. १९९९ साली त्यांच्या चित्राचं टपाल तिकीट निघालं.

आता मी हे नाव का निवडलं ते सांगते. आपल्या पैनगंगेला उन्हाळ्यात धार राहत नाही, पण डोह राहतात. मागच्या वैशाखात आम्ही मुली आयांबरोबर धुणं धुवायला गेलो होतो. माझ्यापेक्षा लहान एक मुलगी दगडावरून घसरली आणि डोहात गेली. काठावर आम्ही अकरा जणी होतो. अकराही जणी नुसत्या ओरडत होतो, कारण एकीलाही पोहता येत नव्हतं. म्हशी चारणाऱ्या एका मुलाने उडी मारली, म्हणून ती वाचली. नाहीतर आमच्या डोळ्यांसमोर पोरगी गेली असती.

त्या रात्री मी बाबांना मला पोहणं शिकवा म्हटलं. पोरींना काय करायचं पोहून, असं ते म्हणाले. लोक काय म्हणतील, ही आजीची काळजी. दादाला मात्र बाबांनी पाठीला डबा बांधून आमच्या विहिरीत आठ दिवसांत शिकवलं होतं. मी तेव्हा काही बोलले नाही.

मला काही इंग्लिश खाडी पोहायची नाही. काठावर उभं राहून नुसतं ओरडायची पाळी पुन्हा येऊ नये, एवढंच वाटतं. मैत्रिणींनो, मोठं माणूस जवळ नसताना कोणीही पाण्यात उतरू नका, हेही सांगून ठेवते.

आज पालकसभा आहे. बाबा इथं उभं राहून हे वाचतील, हे मला माहीत आहे. बाबा, आरतीसुद्धा आजीजवळच वाढली होती आणि तिला क्लबात तिच्या वडिलांनीच घातलं होतं. दादाचा तो डबा अजून माळ्यावर आहे. मी पाहून ठेवला आहे, त्याला भोक पडलेलं नाही.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी