स्वामी कुवलयानंद

स्वामी कुवलयानंद (पूर्वाश्रमीचे नाव: जगन्नाथ गणेश गुणे; ३० ऑगस्ट १८८३ – १८ एप्रिल १९६६) हे योगाभ्यासक, शिक्षक आणि योगविषयक शास्त्रीय संशोधनाचे आद्य प्रवर्तक होते. लोणावळा येथील कैवल्यधाम ही संस्था व *योगमीमांसा* हे त्रैमासिक ही त्यांची प्रमुख कार्ये होत. कोणती आसने कोणी, कोणत्या क्रमाने आणि किती वेळ करावीत, हा नवशिक्या साधकाचा साधा प्रश्न त्यांनी गुरूच्या मर्जीवर न सोडता प्रयोगाच्या व अनुभवाच्या कसोटीवर आणला.

पूर्वायुष्य

त्यांचा जन्म तत्कालीन बडोदा संस्थानातील डभोई येथे एका मराठी कुटुंबात झाला. शिक्षण गरिबीत झाले. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली आणि पुढे बडोदा महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथील वातावरणावर अरविंद घोष यांची छाप होती, तर लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचेही तरुण गुणे यांना आकर्षण होते. १९०७ ते १९१० या काळात त्यांनी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकराव यांच्याकडे भारतीय व्यायामाचे शिक्षण घेतले. त्यांच्या शरीरसाधनेचा आरंभ असा आखाड्यात झाला, आश्रमात नव्हे. ही गोष्ट त्यांच्या पुढील लेखनात जागोजागी जाणवते.

त्यानंतर ते खानदेशात अमळनेर येथे खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिक्षक झाले आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी सांभाळले. ते महाविद्यालय १९२० साली बंद पडले. (याच संस्थेच्या शाळेत काही वर्षांनी साने गुरुजी शिक्षक म्हणून आले.)

माधवदासांचे शिष्यत्व

१९१९ साली नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदास यांच्याशी त्यांची भेट झाली. त्या वेळी गुणे छत्तीस वर्षांचे होते, म्हणजे योगात तेही उशिराचे नवशिकेच. माधवदास १९२१ साली निवर्तले, त्यामुळे गुरुसहवास अल्पच लाभला. माधवदासांचे दुसरे शिष्य श्री योगेंद्र यांनी १९१८ साली मुंबईजवळ वर्सोवा येथे आपली योगसंस्था काढली होती. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रसार करीत होते. योगाकडे वळू पाहणाऱ्या मराठी माणसापुढे अशा रीतीने एकाहून अधिक वाटा प्रथमच उघडल्या होत्या, परंतु त्यांतली आपल्या प्रकृतीस मानवणारी कोणती, हे ठरवण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते.

प्रयोग

बडोद्याच्या रुग्णालयात १९२०–२१ च्या सुमारास गुणे यांनी उड्डियान व नौली या क्रिया चालू असताना क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीराच्या आत काय घडते ते पाहिले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात अंशतः निर्वात स्थिती निर्माण होते, असे पुढील मोजमापांतून दिसले. बस्तिक्रियेत पाणी वर का चढते, याचा उलगडा त्यामुळे झाला. या स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले.

१९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना झाली व त्याच वर्षी *योगमीमांसा* सुरू झाले. सर्वांगासन, मत्स्यासन, शीर्षासन यांचा रक्तदाबावर होणारा परिणाम त्यात आकड्यांसह छापला जाऊ लागला. प्राणायामाने शरीरास भरपूर प्राणवायू मिळतो, ही सुशिक्षितांची आवडती समजूत त्यांनी मोजून पाहिली. ती टिकली नाही. तेव्हा प्राणायामाचे महत्त्व प्राणवायूच्या प्रमाणात नसून अन्यत्र आहे, असे त्यांनी स्पष्टपणे मांडले. योगाच्या प्रचारास सोयीचा असलेला एक दावा योगाच्याच कैवाऱ्याने सोडून द्यावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

नवशिक्यांसाठी अभ्यासक्रम

*आसने* व *प्राणायाम* या त्यांच्या पुस्तकांचा वाचक गुरुगृही न राहणारा, नोकरीधंदा सांभाळणारा गृहस्थ आहे. ध्यानासाठीची आसने आणि शरीरसंवर्धनाची आसने त्यांनी वेगळी केली. धडधाकट माणसासाठी पूर्ण अभ्यासक्रम, वेळ कमी असणाऱ्यासाठी संक्षिप्त आणि अशक्तासाठी सुलभ, अशी प्रतवारी लावून दिली. शीर्षासनासारखे आसन काही सेकंदांपासून सुरू करून आठवड्यागणिक थोडे थोडे वाढवावे, असा त्यांचा दंडक होता. हौसेने पहिल्याच दिवशी डोक्यावर उभे राहणाऱ्यांना तो आजही लागू पडतो. महात्मा गांधींनीही १९२७ साली रक्तदाबाच्या आजारात त्यांच्याशी पत्रव्यवहार करून आसनांविषयी सल्ला घेतला होता.

शाळांतील योग

शालेय शारीरिक शिक्षणात योगाचा समावेश व्हावा म्हणून त्यांनी सामुदायिक अभ्यासाची पद्धत तयार केली. *यौगिक संघ व्यायाम* हे त्यांचे पुस्तक १९३६ सालचे आहे. येथे मात्र एक विसंगती राहते. ज्यांनी प्रत्येकाच्या कुवतीप्रमाणे क्रम लावला, त्यांनाच आकड्यांच्या आज्ञेवर साऱ्या वर्गाने एकदम करावयाची आसने बसवावी लागली. साठ मुलांच्या वर्गात दुसरा उपाय नव्हता, हे शिक्षकांना समजण्यासारखे आहे, तरी मूळ विचार त्यात पातळ झाला हेही खरे.

उत्तरायुष्य

मुंबईत मरीन ड्राइव्हवर संस्थेचे यौगिक आरोग्यकेंद्र १९३६ साली उभे राहिले. १९५० च्या सुमारास लोणावळ्यात योगशिक्षकांसाठी महाविद्यालय निघाले आणि पुढील दशकाच्या आरंभी योगोपचाराचे रुग्णालय झाले. येल विद्यापीठाचे संशोधक के. टी. बेहनन यांनी त्यापूर्वीच लोणावळ्यास राहून कुवलयानंदांपाशी अभ्यास केला होता, त्यावर आधारित त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला. कुवलयानंदांचे निधन १८ एप्रिल १९६६ रोजी झाले. *योगमीमांसा* त्यांच्या पश्चातही कैवल्यधामातून निघत राहिले.